टाकीवरचा भोंगा आणि चुकीचा नमुना

सांगायला लाज वाटते, पण तुम्ही घरचेच. ऐकाच माझा प्रताप!

मी मोताळा तालुक्यातल्या एका गावात शाळेवर विज्ञान शिकवतो. शिवाय शनिवारी संध्याकाळी परदेशातल्या एका विद्यापीठाचा ऑनलाइन वर्ग घेतो. विषय, विज्ञान लोकांना सोपं करून कसं सांगावं. विद्यार्थी केनियाचे, पेरूचे, नेपाळचे. गावात धड नेट फक्त ग्रामपंचायतीत, म्हणून वर्गही तिथूनच.

तिथे टेबलावर दवंडीचा माइक असतो आणि भोंगे गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीवर. भोंगा आठवडाभर बिघडलेला. तो त्याच दिवशी दुपारी दुरुस्त झाला, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही कशाला विचारतो?

माझी शिकवायची एक पद्धत आहे. आधी चुकीचा नमुना, मग बरोबर. कानात हेडफोन घालून, दवंडी हुबेहूब वाटावी म्हणून टेबलावरच्या माइकचं बटण दाबून, मी अस्सल मराठीत गरजलो, "गावकरीहो, पाण्यात जंतू झाले! थेंबही पिऊ नका, आत्ताच्या आत्ता सांडून द्या!" मग बटण सोडलं आणि यात काय काय चुकलं ते इंग्रजीत अर्धा तास समजावलं. काय रंगला होता वर्ग!

तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या नसीमचाची रिकामी बादली घेऊन उभ्या, मागे अर्धी गल्ली.

"मास्तर, ड्रम तं सांडला. आता पोरायले काय पाजू?"

आमच्याकडे नळ आठव्या दिवशी येतो हो! आणि पुढची पाळी मंगळवारची.

धावत माइक धरला. पाणी चांगलं आहे, तो केवळ नमुना होता, असं परोपरीने सांगितलं. कोण ऐकतो? मास्तरवर कुणीतरी दबाव आणला, असं बाहेर ठरूनही गेलं. पेरूची एक मुलगी मात्र पडद्यावरून विचारत होती की, सर, लोकांवर एवढा लवकर परिणाम कसा साधलात?

तोंड लपवत घरी आलो. अंगणभर चिखल, दोन्ही टाक्या पालथ्या.

मी बायकोवर चिडलो. "माहा आवाज ओळखू नाही आला काय वं तुले?"

"आला न," ती शांतपणे म्हणाली. "म्हणून तं सांडलं. दुसरं कोणी असतं, तं आधी तुमाले इचारलं असतं."