जाड रेघेवरचा तिनाचा आकडा

मुलांनो, तुमच्यातल्या धाकटीने तिच्या शाळेच्या बँडमधला ड्रमचा कागद पाठवला, तो परवा मिळाला. ती लिहिते की वाजवण्यापेक्षा गप्प राहणं अवघड जातं. जाड आडव्या रेघेवर आकडा असतो आणि तेवढी घरं, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या जागा, हात आवरून मोजत बसावं लागतं. तो कागद मी दोनदा पाहिला आणि टेबलाच्या खणात उलटा ठेवून दिला. का, ते आज लिहिते. तुमच्या आजोबांनाही मी हे कधी सांगितलं नव्हतं.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या थोडं आधीची गोष्ट. मी सतरा वर्षांची होते. पुण्यात मुलींच्या बोर्डिंगात शिकत होते आणि तिथल्या मॅडमकडे तीन वर्षं पियानो शिकले होते. सुट्टीला भोरला आले की शेजारपाजारच्या बायका मला इंग्रजी पत्रं वाचायला बोलवत. पाच रेघांवरचं ते संगीत वाचणारी गावात मी एकटीच. मला ते ठाऊक होतं आणि ते इतरांच्या लक्षात राहील याचीही मी काळजी घेत असे.

त्या मे महिन्यात शाळेच्या नव्या दालनाचा समारंभ होता. माझे वडील त्या शाळेत शिक्षक. पुण्याहून एक बँड यायचा होता, पण त्याचे ड्रमवाले पंधरा दिवस आधी फिरले. बँडमास्तर पलटणीतून निवृत्त झालेला, कडक माणूस. त्याने ठरवलेली चाल ड्रमवाल्यांची भंबेरी उडवण्याबद्दल प्रसिद्ध होती. एका घरात पाच मात्रा, पुढच्यात सात, मध्येच हात उचलून थांबायचं. मास्तराने ड्रमचा कागद पोस्टाने पाठवला आणि वडिलांना लिहिलं, गावातले दोन वाजवणारे तयार करा. चांगलं झालं तर त्यातल्या एकाला बँडमध्ये कायमचं घेईन.

वडिलांनी दोघांना बोलावलं. एक जवळच्या आंबवड्याचे शेतकरी, जत्रेत ढोल वाजवणारे, तोंडाने फटकळ. दुसरे भोरातले ताशेवाले. त्यांना सगळा गाव चाचा म्हणे. साठीला आले होते. जन्मभर लोकांच्या लग्नांत मांडवाबाहेर उन्हात उभं राहून त्यांनी ताशा वाजवला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "ताई, बँडात वाजिवणाऱ्याला बसाया खुर्ची देत्यात म्हणं. खरं का?"

"हो. आणि लाल कोटही."

"कोटाचं ऱ्हाऊ द्या. खुर्ची देत्यात न्हवं?"

ढोलवाले हसले. "चाचा, खुर्चीत बसून ताशा वाजिवला तर आवाज खुर्चीतनंच निघंल बगा."

आमच्या ओसरीवर रोज सकाळी शिकवणी चाले. मी कागद धरून इंग्रजीत मात्रा मोजत असे. चाचांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी चिंचोके आणले. प्रत्येक ठोक्याला एक चिंचोका, थांबायचं तिथे मोकळी जागा, अशी एकेका घराची ओळ ते फरशीवर मांडत आणि मग तोंडाने म्हणत. सात मात्रांची ओळ त्यांनी दुसऱ्या दिवशीच बसवली.

"येवढ्याला घाबरत्यात व्हय पुण्याचे?" ढोलवाल्यांनी विचारलं.

"ते मोजत्यात, म्हणून घाबरत्यात," चाचा म्हणाले.

मला ते आवडलं नाही. मीही मोजूनच शिकले होते.

कागदाच्या खालच्या बाजूला एका घरात जाड आडवी रेघ होती आणि तिच्यावर तिनाचा आकडा. पियानोच्या माझ्या पुस्तकात मी तसली रेघ कधी पाहिली नव्हती. आकडे पाहिले होते. ते कोणत्या बोटाने वाजवायचं ते सांगत. मी म्हटलं, "हे एक घर रिकामं. या तिनाकडे लक्ष देऊ नका, तो बोटाचा नंबर आहे."

चाचांनी त्या रेघेकडे पाहत फरशीवर तीन घरांची जागा मोकळी सोडली आणि पुढचे चिंचोके मांडले. मग म्हणाले, "ताई, टिपरीला बोटाचा नंबर कशापाई? तीन घरं गप ऱ्हायाचं, आसं तर न्हाई ना ते म्हणत?"

"तसं असतं तर तीन घरं काढली नसती का? एकच काढलंय."

"पर चाल हितं लंगडतीया. मला ऐकू येतंय."

"चाचा, तुम्हाला वाचता येतं का मला?"

हे मी वडिलांच्या देखत म्हटलं. वडील वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही. चाचांनी ती मोकळी जागा हाताने पुसल्यासारखी केली आणि पुढचे चिंचोके दोन घरं मागे सरकवले. "तुमी शिकल्याल्या. तुमी म्हणाल तसं."

समारंभाच्या दिवशी सकाळी सगळ्यांनी मिळून एकदा वाजवून बघायचं ठरलं होतं. पण बँडची मोटार कात्रजच्या घाटात बंद पडली आणि मंडळी पोचली ती पाहुणे खुर्च्यांवर बसल्यावर. घाईघाईत सगळे आपापल्या जागी बसले. आमच्या दोघा वाजवणाऱ्यांचे कोट आदल्या दिवशीच एका हमालाबरोबर आले होते. चाचांच्या कोटाच्या बाह्या लांब होत्या म्हणून त्यांच्या घरातून त्या आत दुमडून टीप घालून दिल्या होत्या. खुर्चीत ते अगदी कडेला बसले, जणू कुणी उठवील.

सुरुवात उत्तम झाली. पाचाची घरं, साताची घरं, सगळं बिनचूक. मास्तराने एकदा त्यांच्याकडे पाहून मान हलवली. मी पुढच्या रांगेत बसले होते आणि शेजारच्या बाईंना हळूच सांगितलं की यांना मी तयार केलंय.

मग क्लॅरिनेट एकटंच हळू वाजू लागलं. एक घर झालं आणि चाचांचा ड्रम आणि ढोल दोन्ही धडाधड सुरू झाले. क्लॅरिनेट त्यांच्याखाली दडपून गेलं. लोक हसले. पाहुण्यांपैकी एकाने कानाला हात लावला. चाचांचे हात जागच्या जागी थांबले. त्यांनी ढोलवाल्यांच्या गुडघ्यावर टिपरी ठेवून त्यांनाही थांबवलं, उरलेली दोन घरं पुरी होऊ दिली आणि पुन्हा बरोबर जागेवर आले. शेवटपर्यंत चुकले नाहीत. पण लोकांनी ऐकायचं ते ऐकलं होतं. आणि मला तिथल्या तिथे कळलं, तीन म्हणजे काय.

समारंभानंतर मास्तर वडिलांकडे आला. "वाचता येत नाही त्यांनी बँडच्या नादी लागू नये. यांना शिकवलं कुणी?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. चाचा चार हातांवर उभे होते. मी म्हटलं, "मी बरोबरच शिकवलं होतं. त्यांच्या लक्षात राहिलं नाही."

"आरं वा! अवो मास्तर, ह्या ताईनंच आमाला..." ढोलवाले पुढे आले.

चाचांनी त्यांचा दंड धरला. "चुकलं आमचं, मास्तर. वय झालं."

मास्तराने कोट परत मागितला. चाचा शाळेच्या पायरीवर बसले आणि दातांनी दोरा तोडून बाह्यांची टीप उसवू लागले, आला तसा कोट परत देता यावा म्हणून. दोन्ही बाह्या उसवायला बराच वेळ लागला. मी तेवढा वेळ दालनाच्या खिडकीतून बघत उभी होते. पायऱ्या पाचच होत्या. मी उतरले नाही.

पुण्याला परतल्यावर मॅडमना मी त्या रेघेबद्दल विचारलंही नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढच्या वर्षी माझं लग्न भोरलाच झालं. मांडवाबाहेर ताशा चाचांचाच होता, उन्हात, उभ्याने. सासरी निघताना वडिलांनी त्यांना नारळ दिला, तेव्हा मी शेजारीच होते. चाचांनी नारळ कपाळाला लावला, मला म्हणाले, "सुखी ऱ्हावा, ताई." मग थोडं वाकून, फक्त मला ऐकू जाईल इतकं हळू विचारलं, "तीन घरंच हुती न्हवं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. वर्षभर मनात राहिलेला एक हिशेब जुळतो का, एवढंच त्यांना हवं होतं.

"हो," मी म्हटलं. त्यांचा चेहरा उजळला. पण मीही ते इतकंच हळू म्हटलं होतं, की हातभर अंतरावर उभ्या असलेल्या वडिलांना ऐकू गेलं नाही.