बहीण पळत राहिली

धारूरच्या घाटात माझी धाकटी बहीण पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळत होती आणि मी तिला थांबवलं नाही. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढं सबबी सांगायला जागा उरायची नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात बीपीच्या गोळ्या मिळत नाहीत म्हणून मी पत्रकं छापली, गावोगाव वाटली. 'आजार लपवणारी यंत्रणा' हा मथळा माझाच. त्याच हिवाळ्यात मोर्चात घोषणा देता देता मला चक्कर आली. बीडच्या डॉक्टरांनी इको काढला. हृदयाचा स्नायू जाड झालाय, म्हणाले. हे घराण्यातून येतं. रोज एक गोळी, एकही चुकवायची नाही. पाणी भरपूर, जड उचलणं बंद, ईर्ष्येनं पळणं तर मुळीच नाही.

"वडील कशानं गेले?"

"बैल सोडताना पडले. ऊन लागलं म्हणले लोक."

"भावंडं?"

"एक बहीण."

"तिचाही इको करा. लवकर."

गोळ्या मी नेमानं घेतल्या. स्वतःच्या. बहिणीचं मात्र 'भरती झाल्यावर बघू' असं परस्पर ठरवून टाकलं. खानदानी दुखणं म्हटलं की भरती हुकणार, स्थळं फिरणार, भावकी कुजबुजणार. याच भीतीला मी सभेत मागासलेपणा म्हणतो. तीन महिने ती घामाघूम होऊन यायची, किती सेकंद कमी झाले ते सांगायची, आणि मी "भारी!" म्हणायचो.

एक दिवस ती दारातच बसली. "दादा, छातीत लई धडधडतंय बघ. थोडा दम खाते, मग अजून एक चक्कर मारते."

तेव्हा सांगितलं. आधी ती हसली. मग माझ्या गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन म्हणाली, "तुला सगळं ठावं होतं, मग मला कामून न्हाई सांगितलं? पळायचं का न्हाई ते मी ठरवलं असतं की!"

दुसऱ्याच दिवशी तिला इकोसाठी बीडला नेलं.

तिचाही स्नायू जाड निघाला. माझ्यापेक्षा कमी, पण निघाला. गोळी सुरू झाली, भरती सुटली. "वेळेत आणलंत," डॉक्टर मला म्हणाले. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

आता सकाळी दोघं चालायला जातो. बोलता येईल इतक्याच वेगानं, असं डॉक्टरांनी बजावलंय. चढ आला की ती मुद्दाम झपाझप पुढं निघते.

"हळू चाल गं."

"आता सांगतोस व्हय?" ती म्हणते. वेग कमी करते, पण मला गाठू देत नाही.