कोरे तळहात

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिली मी, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. शिकले न्यायवैद्यक शास्त्र. बाबा ऑटो चालवतात. नागपुरातल्या प्रत्येक सवारीला ते ऐकवायचे, "माह्या पोरीले जखमा पाहून मारणाऱ्याचं मन समजते!"

"समजत नाही बाबा, अंदाज येतो," मी म्हणायची. ऐकतो कोण!

बाबांच्या मानलेल्या बहिणीचा, माझ्या आत्याचा, भरदुपारी तिच्याच घरात कोणीतरी खून केला. पोस्टमॉर्टेमनंतर बायांनी तिला आंघोळ घातली. हातांवर पाणी मीच ओतत होते. सगळे वार तोंडावर होते. तळहात मात्र कोरे, मनगटावर ओरखडासुद्धा नाही. वार चुकवायला तिने हातच वर केले नव्हते. समोरच्याला ती घाबरलीच नव्हती.

शेजारीण कुजबुजली, "सापडली तवा तोंडावर पदर होता. पायाचे अंगठे बांधले होते वं."

मी तांब्या खाली ठेवला. तोंडावर इतके वार म्हणजे राग. मग पदर, म्हणजे लाज. आणि अंगठे? ते तर मेल्यावर घरचं माणूस बांधतं.

घरचं माणूस एकच होतं. आत्याने लहानाचा मोठा केलेला तिचा पुतण्या. त्यानेच अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसायला गेलो. तो मुंडण करून समोर बसला होता. बाबांनी सवयीने तोंड उघडलं, "माह्या पोरीले जखमा पाहून..."

त्याने मान वर केली. "मंग सांग ना बाई. काय समजलं तुले?"

दार त्याच्या पाठीमागे होतं.

"चोर असन, दादा. घाबरून मारलं असन."

त्याच्या आवळलेल्या मुठी हळूच सुटल्या. ते पाहून मला जास्तच भीती वाटली.

"एवढं शिकवलं अन् चोर म्हणते?" बाबा हिरमुसले. मी कॉलेजात काय शिकले ते त्या क्षणी गिळून टाकलं आणि मान खाली घातली.

ऑटोत बसताच मी पुटपुटले, "बाबा, ठाण्यात चला. मागे पाहू नका."

आरशात तो दारात उभा दिसत होता. ठाणं उजवीकडे, आमचं घर डावीकडे. बाबांनी एकदा आरशात पाहिलं, एकदा माझ्याकडे. काहून म्हणून विचारलं नाही. ऑटो डावीकडे वळवला, आणि तो दिसेनासा झाल्यावर, लांबच्या रस्त्याने, ठाण्याकडे.



ठाण्यात मी आधी तळहातांचं सांगितलं.