दहापैकी सहा

लिफ्टकाका म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे काका. बारा वर्षांपूर्वी काम करताना ते दुसऱ्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात पडले आणि पाठीचे दोन मणके मोडले. मणके जुळले, दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. सकाळी एक आणि संध्याकाळी एक गोळी घेतली की ते जात नसे, पण जरा सरकून बसे. तेवढ्या मोकळ्या जागेत काका नऊ इमारतींच्या लिफ्ट सांभाळत.

मग नियम बदलला. या गोळ्यांची काहींना चटक लागली होती, काही जण दगावलेही होते. त्यामुळे तीन महिन्यांची चिठ्ठी बंद झाली. आता दर आठवड्याला जातीने यायचं, उरलेल्या गोळ्या मोजून दाखवायच्या आणि फॉर्म भरायचा.

"दुखणं दहापैकी किती?" डॉक्टरांनी विचारलं.

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "सहा."

"सहाला अर्धीच गोळी बसते."

"अहो डॉक्टर," काकू म्हणाल्या, "खड्ड्यातून वर काढलं तेव्हाही हे सहाच म्हणाले होते."

पुढच्या आठवड्यात काकूंनी घरूनच पढवून आणलं होतं. काका म्हणाले, "नऊ."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "नऊ असेल तर चालत कसे आलात?"

रिक्षा दारापर्यंत येत नाही, हे उत्तर फॉर्ममध्ये बसत नव्हतं.

"चोर सोडून संन्याशाला सुळी!" काकू चिडल्या.

"सुळी मी देत नाही, वहिनी. मी फक्त फॉर्म भरतो," डॉक्टर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याच्यावरही कुणीतरी चष्म्यावरून पाहत होतं.

अर्ध्या गोळीवर काकांना वाकता येईना. गच्चीवरच्या लिफ्टच्या मोटारीच्या खोलीची शिडी चढता येईना. महिन्याभरात नऊपैकी सात इमारतींनी दुसरा माणूस पाहिला. पायमोजे काकू घालून देऊ लागल्या. काका त्या वेळी छताकडे बघत. बायकोसमोर लाजायची वेळ लग्नानंतर पहिल्यांदाच आली होती.

"रडा तरी एकदा त्या डॉक्टरांसमोर," काकू म्हणाल्या.

"मला जमणार नाही. लिहून देतो."

लिहायची त्यांना एकच पद्धत ठाऊक होती, लिफ्टच्या देखभालीची. एक वही घेऊन त्यांनी स्वतःची नोंद सुरू केली. 'सकाळी साडेसहा: उठणे बंद. सात: उठणे चालू, आवाजासह. आठ: डावा पाय दोन मजल्यांमध्ये अडकला. दुपारी एक: बसून जेवण, चार मिनिटे. नंतर उभ्याने. रात्री: झोप वापरात नाही.' असे एकवीस दिवस.

डॉक्टर पहिल्या पानावर हसले. तिसऱ्या पानावर हसायचे थांबले. वही मिटून म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आकडा विचारलात."

डॉक्टरांनी वहीची नक्कल जोडून सवलतीचा अर्ज वर पाठवला. वरून आधी विचारणा आली, की रुग्ण नक्की माणूसच आहे ना. डॉक्टरांनी तसं लेखी कळवलं. अडीच महिन्यांनी उत्तर आलं: सकाळची गोळी पूर्ण, संध्याकाळची अर्धीच, हजेरी महिन्यातून एकदा.

"अर्धी का?" काकूंनी विचारलं.

"कारण दिलेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

काकांना दोन इमारती राहिल्या आहेत, दोन्ही तीन मजल्यांच्या. शिडीचं काम ते घेत नाहीत. बटणं, दारं, दिवे तेवढं बघतात आणि तीनच्या आत घरी येतात, कारण तीननंतर सकाळची गोळी उतरू लागते. मग ते हॉलमध्ये जमिनीवर उताणे पडतात. त्यांना दिसावा म्हणून काकूंनी टीव्ही स्टुलावरून काढून खाली ठेवलाय. पाहुण्यांना बघायला वाकावं लागतं. कुणी तक्रार केली तर काकू म्हणतात, "वाकता येतंय ना? मग वाका."