चौदा पावलांची दुर्बीण

टेंभुर्णीचा मामा शनिवारी आला, तो पप्पांची छऱ्याची बंदूक न्यायलाच. पप्पांनीच त्याला फोन केला होता. "घेऊन जा. तुमच्या शेतात माकडं येतात ना. हिची नळी वाकडी झालीय."

नळी वाकडी नव्हती. मी गुपचूप तपासली होती. पप्पा पेपर हातभर लांब धरून वाचायला लागले, तेव्हापासून त्यांचा नेम चुकायला लागला होता. नळीवरची खाच त्यांना धूसर दिसायची. ते कुणाला सांगणार नव्हते, आणि मीही त्यांना तसं म्हणणार नव्हते. आम्ही दोघं तसलेच.

पूर्वी दर रविवारी सकाळी घरामागच्या भिंतीवर पप्पा सोडाबाटलीचं झाकण दोऱ्यानं टांगायचे. ओट्यापासून ते झाकण माझ्या चौदा पावलांवर. ते नेम धरायचे, मी एकेक छर्रा त्यांच्या हातात द्यायची. तासभर एक शब्द नाही. काही न बोलता कुणाजवळ बसता येण्याची तेवढी एकच जागा मला माहीत होती. दोन वर्षं ती बंद होती, आणि आता बंदूकच चालली होती.

"मामा, एक दिवस थांब," मी म्हणाले. "मी तिला स्कोप बसवते, नेमाची दुर्बीण. उद्या पप्पांचा नेम नाही लागला तर ने."

वर्षभरात मामाशी मी एवढं कधी बोलले नव्हते. तो खूष झाला. "बरं की! पन न्हाय लागला तर दुर्बिणीसकट बंदूक माजी."

बंदूक चादरीत गुंडाळून आम्ही बंदुकांच्या दुकानात गेलो. पंधरा दिवस मी मोबाइलवर इंग्रजीतून मिळेल ते वाचलं होतं. पप्पांच्या बंदुकीसारखी स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते. त्यात भल्याभल्या स्कोपचं आतलं सगळं ढिलं होतं. आणि बहुतेक स्कोप लांबचं बघायला केलेले असतात. सगळं पाठ होतं. फक्त ते दुकानदाराला मराठीत, तोंड उघडून सांगायचं होतं.

दुकानदारानं माझ्या डोक्यावरून मामाला विचारलं, "काय दाखवू, पाव्हणं?"

"चांगली दुर्बीण. लांबचं दिसाया पायजे."

आतून एक जाडजूड स्कोप आला. आत लाल दिवासुद्धा. मामा तो घेऊन दारात गेला. "आयला! टाकीवरचा कावळा दिसतोय की! चोच उघडली बग त्यानं!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मामा स्वतःच्या शेतासाठी स्कोप निवडत होता.

मी तो हातात घेतला आणि समोरच्या चहाच्या टपरीवरची पाटी बघितली. नुसतं धुकं.

"जवळचं दिसत नाही," मी म्हणाले.

"ताई, दुर्बिणीतून कुणी जवळचं बघतं का?" दुकानदार हसला. मामाही हसला. माझे कान तापले. एरवी मी "बरं" म्हणून निघाले असते.

"मला चौदा पावलांवरचं बघायचंय. आणि स्प्रिंगच्या बंदुकीवर टिकायला हवं."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मग लावूनच बघू की."

दुकानामागच्या बोळात वाळूची पेटी होती. तिच्यावर कागद लावला. जाड स्कोप चढवून मामानं छर्रे मारले. पहिले दहा एका जागी पडले. मग एकेक करून उजवीकडे सरकायला लागले. दुकानदारानं स्क्रू आवळले, तरी सरकतच राहिले. त्यानं मुकाट्यानं तो स्कोप काढला आणि खालच्या फळीवरून एक आखूड, काळा, साधा स्कोप आणला. दिवा नाही, काही नाही. पुढच्या कड्यावर अंतराचे आकडे होते आणि ते दहा यार्डांपासून, म्हणजे माझ्या चौदा पावलांच्या आतूनच, सुरू होत होते. मी कडं फिरवलं, आणि कागदावरची भोकं, त्यांच्या फाटक्या कडा, सगळं एकदम डोळ्यासमोर आलं. त्यावर तीस छर्रे मारले. सगळे रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. माझ्या पगारात तो आरामात बसत होता. मी भर दुकानात मोठ्यानं हसत होते.

रविवारी पप्पा म्हणाले, "कशाला खर्च केलास?" पण बसले. मामा चहा घेऊन ओट्यावर, मांडीवर चादर तयार.

पहिला छर्रा भिंतीवर. दुसराही भिंतीवर. मामानं चादर झटकली.

मी मात्र भिंतीकडे बघत होते. दोन्ही छर्रे एकाच ठिकाणी लागले होते, झाकणाच्या बोटभर डावीकडे. एकाच ठिकाणी! म्हणजे हात अजून तसाच होता.

"पप्पा, थांबा!" मी ओरडले. घरात मी ओरडत नाही. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. नेम उजवीकडे सरकवायला मी स्कोपच्या बाजूचं बटण खटखट फिरवत राहिले. इतक्या जवळ एका खटक्यानं केसाएवढाच फरक पडतो.

"आता मारा."

टण्ण! झाकण गरगर फिरलं. ते थांबायच्या आत पुन्हा टण्ण!

"दाजी, नळी सरळ झाली की वो!" मामा म्हणाला. मग चादरीची घडी घालत, "बंदूक न्हाय तर न्हाय. ही तरी न्हेऊ का?"

डोळा स्कोपवरून न हलवता पप्पांनी तळहात मागे, माझ्याकडे पसरला. मी त्यावर छर्रा ठेवला.