पाणमांजरीचा अंगठा

"थांबा साहेब! घडी घालू नका! तिचा अंगठा व्हायचाय अजून!"

मांजरा नदीच्या काठावर उभे राहून आमचे थोरले मामा असे ओरडले, की पलीकडच्या तालुक्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. बीदरहून आलेले निसर्गसंस्थेचे साहेब स्टॅम्पपेपर धरून जागीच थिजले.

"कोणाचा अंगठा?"

"कोणाचा म्हंजे? पाणमांजरीचा! करार तिच्यासाठी करायलाव न्हवं?"

मेहकरपासून बीदरपर्यंतच्या मुलखात माणसांशी भांडून जनावरांशी सोयरीक करणारा एकच गृहस्थ झाला, तो म्हणजे माझा हा मामा. रागावले की दखनीत बोलत, लाडात आले की कन्नडात, आणि थाप मारायची असली की पुस्तकी मराठीत. नदीकाठच्या त्यांच्या दोन एकरांत नुसते लव्हाळे, बाभळी आणि पाणमांजरींची बिळं. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्या येळवसेला, सगळा गाव आपापल्या पिकाभोवती अंबील शिंपडतो. मामा त्या पडीक तुकड्याभोवतीही शिंपडत. मामी विचारी, "तिथं काय पिकायलंय?" मामा म्हणत, "जित्तं हाय ते समदं पीकच." एकदा वाटेत टिटवी अंड्यांवर बसली होती, म्हणून त्यांनी पोटच्या पोराची, शिवाची, वरात अडवली. बँडवाले मुके, घोडं माघारी, आणि नवरदेव बूट हातात घेऊन चिखलातून मांडवाकडे. "अप्पा, तुमचं लेकरू मी का ती टिटवी?" असं शिवानं विचारलं, तर मामा विचारात पडले. ते विचारात पडले, हेच शिवाला जन्मभर लागलं.

तर, करार. त्या तुकड्यात नांगर घालायचा नाही, वाळू उपसायची नाही. पण एक कलम होतं: मामांच्या माघारी शिवाला वाटलं तर करार मोडता येईल. आणि एक वाळूवाला तेव्हापासूनच शिवाच्या ओट्यावर चहा पीत होता. म्हणून मामांना आणखी एक सही हवी होती.

त्यांनी कागद जमिनीवर अंथरला, त्याला लागून चिखल कालवला, पलीकडे ताजा मासा ठेवला आणि "बा अव्वा, बा," म्हणजे ये माय, ये, असं आळवू लागले. साहेब, मी आणि शिवा बाभळीआड दुपारभर श्वास रोखून. अखेर ती आली. चिखलातून, कागदावरून चालत गेली, मासा घेऊन पाण्यात. पाची बोटांचा ठसा बरोबर सहीच्या रेघेवर उमटला, असं मामा पुढं पुस्तकी मराठीत सांगत. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण कागद बदलला नाही. नक्कल बीदरला गेली, ठशाचा कागद घरी आला.

मामा गेले त्याला दोन येळवसा झाल्या. शिंपडायला आता मामीच जातात.

परवा वाळूवाला आला, तेव्हा मी ओट्यावरच होतो. म्हणाला, "शिवा, म्हातारा गेला. टाक की मोडून. कामून थांबायलास?"

शिवा आत जाऊन कागद घेऊन आला. वाळलेल्या चिखलावर बोट टेकवलं, खपली पडू नये इतकं हळू.

"दुसरी पार्टी जित्ती हाय," म्हणाला.