ए, दे!

शुक्रवारी संध्याकाळी आठ वाजता अण्णांच्या घरात दोन मालिका एकाच वेळी लागायच्या. टीव्ही एकच. एका चॅनलवर हसवणारी, दुसऱ्यावर दवाखान्याची, दोन्ही हिंदी, आणि समोर रिमोट घेऊन अण्णा. इकडे जाहिरात लागली की तिकडे, तिकडे कुणी रडायला लागलं की इकडे. बघणाऱ्याचं डोकं उठायचं. अण्णांना मात्र दोन्हीकडचं सगळं कळलेलं असायचं, आणि संपल्या संपल्या जिन्याच्या कठड्यावर रिमोट आपटून ते ओरडायचे, "ए पुणेकर! खाली ये की. बोलायचंय."

पुणेकर म्हणजे मी. नव्वदीच्या दशकात नोकरीसाठी बेंगळुरूला गेलो आणि बनशंकरीत अण्णांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिलो. घरमालक मराठी मिळाले म्हणून आईनं पुण्यात पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पण ते मराठी! अण्णांच्या घराण्याला तिथं जाऊन कितीतरी पिढ्या झाल्या होत्या. "स्वल्प थांब", "सुम्ने बस रे", "सरी, आता जेव" असं त्यांचं चालायचं. स्वल्प म्हणजे थोडं, सुम्ने म्हणजे उगाच, सरी म्हणजे बरं, हे मला कळायला बरेच दिवस गेले. तोवर मी आपला मान हलवायचो. अण्णा म्हणायचे, "ह्याला समजत नाही, पण मान भारी हलवतो."

पेटेत, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, त्यांचं कापडाचं दुकान होतं, ते आता पुतण्या बघायचा. सत्तरी जवळ आलेली, मूलबाळ नाही, घरात ते आणि त्यांची बायको, अक्का. सगळा वेळ मालिकांना. आणि मतं अशी की दिग्दर्शकानं ऐकली असती तर गळ्यात पडून रडला असता. कौतुकानं नव्हे. हसवणाऱ्या मालिकेत मागून हसण्याचा आवाज घालतात, त्याचा त्यांना भयंकर राग. "मी काय बहिरा? विनोद झाला तर मला कळत नाही? हे आधी हसून मला कोपरानं ढोसतात!" दवाखान्याच्या मालिकेबद्दल तर विचारूच नका. "सलाइन लावलेली बाई ओठ रंगवून झोपलीय बघ. आणि पेशंट मरणार कधी? जाहिरातीच्या आधी. यमाला पण ह्यांनी वेळ बांधून दिलीय." एखादा भाग अगदीच फसला की शेवटचा निकाल ठरलेला होता. "कापड कमी, झालर फार."

त्या वर्षी दसऱ्यानंतर दवाखान्याच्या मालिकेत एक म्हातारा आला. हृदयाचा पेशंट. ऑपरेशन करायचं की नाही यावरच आठवड्यांमागून आठवडे चालले होते. मला वाटलं, आता अण्णा ह्याची सालं काढणार. पण कुठलं काय! म्हातारा पडद्यावर आला की अण्णा बटण दाबून हसवणाऱ्या मालिकेवर. अक्कानं मला एकदा स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "ह्यांना काय झालंय रे? शिव्या द्यायचे बंद झालेत." अक्काला मालिकांत काडीचा रस नव्हता, पण नवऱ्याच्या शिव्या थांबल्या की तिचं कामात लक्ष लागायचं नाही.

मग एके दिवशी मला ते जिन्यात दिसले. कठडा धरून उभे, चेहरा घामानं डबडबलेला, आणि बाहेर तर छान गार वारा सुटला होता. मी म्हटलं, "अण्णा, काय होतंय?"

"सुम्ने. गॅस."

"अक्काला सांगतो."

"सांगितलंस तर खोली खाली कर!" असं ते मला कधीच बोलले नव्हते. मग माझी बाही धरून हळूच म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला आत नेतील का रे? ह्या मालिकेत आत नेलेला एक तरी जिता बाहेर आलाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस महिनाभर मालिका बघत नव्हता, स्वतःचं भविष्य बघत होता. मी खूप बोललो. डॉक्टरकडे चला, मी येतो, अक्काला नाही सांगत. "सरी, सरी, सोमवारी जाऊ," म्हणाले. कुठला सोमवार ते काही सांगेनात.

पुढच्या शुक्रवारी म्हाताऱ्याचं ऑपरेशन दाखवणार होते. अक्का देवळात गेली होती. अण्णांनी मला खाली बोलावलं आणि चक्क रिमोट माझ्या हातात दिला. "तूच धर. माझ्याच्यानं बघवत नाही आणि सोडवत पण नाही." म्हाताऱ्याला ढकलगाडीवरून आत नेलं, दार बंद झालं, आणि अण्णा ओरडले, "बदल! बदल!" मी बदललं. तिकडे कुणीतरी साबणाच्या पाण्यावरून घसरून पडला होता आणि मागून हसण्याचा नुसता कल्लोळ.

"एदे," अण्णा म्हणाले.

"घ्या," म्हणून मी रिमोट पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"एदे... एदे..."

"अहो, देतोय की! ए दे काय, ए दे काय! धरा ना." मी रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला. तो घरंगळून खाली पडला. तेवढ्यात दारात अक्का उभी. तिनं शेवटचं "एदे" ऐकलं आणि प्रसादाची वाटी तिच्या हातातून सुटली.

"अय्यो! छाती म्हणताहेत रे ते! कन्नडमध्ये एदे म्हणजे छाती! रिक्षा आण, धाव!"

मी धावलो. कसा धावलो ते विचारू नका. मागे टीव्हीतले लोक हसतच होते.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ऑपरेशन लगेच करायला हवं, थांबलात तर दुसरा झटका कधीही येईल. सही हवी होती, अण्णांचीच, कारण ते शुद्धीवर होते. अण्णांनी मान फिरवली. "बेडा." नको म्हणजे नको. अक्कानं विनवलं, पुतण्यानं हात जोडले, मी चिडून ओरडलो. ढिम्म हलेनात. शेवटी मला जवळ बोलावून म्हणाले, "त्या म्हाताऱ्याचं काय झालं?"

"अण्णा, ती गोष्ट आहे हो! खोटी गोष्ट!"

"खोटी तर खोटी. विचारून ये. मग बघू."

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. बाहेर एक नर्स होती, तिला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं. तिनं तो भाग बघितला होता. "होगबिट्रु," ती हळहळत म्हणाली. एवढं कन्नड मला येत होतं. गेला. आणि अर्थात जाहिरातीच्या आधीच गेला असणार.

खोलीच्या दारात मी येऊन उभा राहिलो. अण्णा माझ्याकडे बघत होते, अक्का बघत होती. खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण नजर आपोआप जमिनीकडे गेली. अक्कानं माझा चेहरा वाचला असणार, कारण ती एकदम पुढे झाली.

"वाचला," ती म्हणाली.

"तू कुठं बघितलंस? तू तर देवळात होतीस."

"देवळासमोरच्या दुकानात टीव्ही होता. मी उभी राहून बघितलं. बाहेर आला, डोळे उघडले, बायकोला म्हणाला, कॉफी दे. बायको म्हणाली, आधी डॉक्टरांना विचारते. तो म्हणाला, डॉक्टरांनाच तर मी बरं केलंय." मग नर्सेस हसल्या, डॉक्टर हसले, बाहेर फुलवाला हसला. अक्काची गाडी थांबेना. जन्मात एक भाग धड न बघितलेली बाई घडाघडा मालिका रचत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

अण्णांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कापड कमी, झालर फार." आणि पेनासाठी हात पुढे केला.

ते वाचले. पुढची दोन-अडीच वर्षं त्यांनी तो प्रसंग येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितला. "मी इकडे मरतोय आणि हा पुणेकर मला रिमोट देतोय! असला विनोद त्या मालिकेवाल्यांना सुचेल काय?" मालिकेतल्या म्हाताऱ्याचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. अक्कानंही नाही.

मग माझी बदली पुण्याला झाली. सामान गाडीत चढलं, अक्कानं चिवड्याचा डबा दिला, मी दोघांच्या पाया पडलो. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मी फाटकाकडे वळलो तर मागून अण्णांचा आवाज आला.

"ए, दे."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. "अक्का!" मी किंचाळलोच. "अक्का, लवकर या, अण्णांना..."

अण्णा पायरीवर धडधाकट उभे होते, हात पुढे करून. "अरे, हात दे म्हणतोय. मराठी पण विसरलास काय?"

मी हात दिला. त्यांनी तो ओढून आपल्या सदऱ्यावर, ऑपरेशनच्या वणावर, घट्ट दाबून धरला. आत धडधड लागत होती.

"ही एदे," ते म्हणाले. "आता तरी लक्षात ठेव."